कामेजिमाच्या धक्क्यावरची इंग्रजी पाटी

कामेजिमा बेटावरच्या मच्छीमार सोसायटीच्या धक्क्यावर होड्यांना डिझेल भरायचं काम चिझुरु इसोबे गेली बावीस वर्षं करत होती. आधी ते काम तिच्या सासऱ्यांकडे होतं. त्यांचे गुडघे धरले तेव्हा "आठवडाभर बघ जरा" म्हणून त्यांनी तिला पंपापाशी उभं केलं, आणि तो आठवडा काही अजून संपला नव्हता. कुठली होडी येतेय हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. इंजिन कसं खोकतंय, त्यावरून ती सांगायची, "हा मात्सुनागांचा धाकटा. याला ऐंशी लिटर लागणार." आणि ऐंशीच लागायचे.

घाबरायची ती फक्त इंग्रजीला. शाळेत असताना इंग्रजीच्या तासाला ती शेवटच्या बाकावर, पुढच्या मुलीच्या वेणीआड लपून बसायची. शिकवायला होते मुनाकाता सेन्सेई, म्हणजे गुरुजी. बेटावरच्या अर्ध्या लोकांना त्यांनीच इंग्रजी शिकवलेलं. आता ते एकोणऐंशी वर्षांचे होते, निवृत्त होऊनही वीस वर्षं उलटली होती, तरी रस्त्यात समोरून त्यांची सायकल आली की छप्पन्न वर्षांची चिझुरु आपसूक ताठ व्हायची.

दोनेक वर्षांपासून बेटाजवळून परदेशी लोकांच्या शिडाच्या नौका जायला लागल्या. शिडं असली तरी इंजिन असतंच, त्याला डिझेल लागतंच. सोसायटीचे चेअरमन कुमेदा म्हणाले, एक इंग्रजी पाटी हवी. सेन्सेईंकडे काम गेलं. त्यांनी चार दिवस घेतले आणि पांढऱ्या फळीवर निळ्या रंगात, छापल्यासारख्या अक्षरात तीन शब्द लिहून आणले: फ्युएल बोट हिअर.

पाटी लावायच्या दिवशी त्यांनी छोटंसं भाषणही केलं. "फ्युएल म्हणजे इंधन, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण इथे ते नाम नाही, क्रियापद आहे. फ्युएल, म्हणजे इंधन भरा. होडीत इंधन इथे भरा. थोडक्यात आणि शुद्ध." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिझुरुनंही वाजवल्या, आणि पुढे रोज पंप पुसताना समोर तीच पाटी असल्यामुळे 'फ्युएल'ची चारही अक्षरं तिच्या डोळ्यांत बसली.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमाराला एक पांढरी नौका आली, धक्क्यापासून शंभरेक पावलांवर थांबली, आणि तिथेच तिनं नांगर टाकला. वर एक म्हातारा, एक म्हातारी. म्हातारीनं दुर्बीण लावून पाटी वाचली, म्हाताऱ्याला काहीतरी सांगितलं, दोघांनी माना डोलावल्या, आणि खुर्च्या उघडून बसली.

चिझुरुनं हात हलवला. त्यांनीही हलवला.

तिनं डिझेलची नळी उचलून दाखवली. म्हाताऱ्यानं रिकामा डबा उचलून दाखवला आणि अंगठा वर केला.

"मग या की," चिझुरु स्वतःशी म्हणाली.

ती वाट बघत उभी राहिली. नौकेवरची दोघंही वाट बघत बसली. दहा वाजले, साडेदहा वाजले. मधेच म्हातारीनं चहा केला आणि चिझुरुकडे बघून कप उंचावला. चिझुरुनं कमरेत वाकून नमस्कार केला. तिकडून दोघंही उभी राहून वाकली. जाळी दुरुस्त करत बसलेला यासोकिची हा सगळा प्रकार बघत होता. बेटावरचा सगळ्यात थट्टेखोर माणूस, वय चौऱ्याहत्तर.

"चिझु, कुणाचं श्राद्ध आहे का गं? मघापासून नुसते नमस्कार चाललेत."

"त्यांना डिझेल हवंय हो. पण जवळच येत नाहीत."

"लाजत असतील. नवीन लग्न झालेलं दिसतंय."

"त्यांना लाजू दे, ओहोटी थोडीच लाजणारे? बारा वाजले की इथे त्यांच्या नौकेपुरतं पाणी राहणार नाही."

अकरा वाजता म्हातारा छोट्या रबरी होडीतून वल्हवत धक्क्याला आला. लाल नाक, पांढऱ्या भुवया, तोंडभर हसू. नाव रॉस, न्यूझीलंडचा. त्यानं विचारलं, "फ्युएल बोट?" आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

चिझुरुनं पाटी दाखवली. "हिअर," ती म्हणाली. आयुष्यात परक्या माणसाशी बोललेला हा तिचा पहिला इंग्रजी शब्द.

रॉसनं पाटी पाहिली, मग समुद्राकडे पाहिलं, डावीकडे, उजवीकडे. "व्हेअर?"

"हिअर!"

"व्हेअर?"

शेवटी त्यानं खिशातून फोन काढला, त्यात इंग्रजीत 'डिलिव्हर' की काहीतरी बोलला, आणि फोननं गोड बाईच्या आवाजात जपानीत विचारलं, "आपली इंधनाची नौका कधी प्रसूत होईल?"

यासोकिचीच्या हातातली जाळ्याची सुई पाण्यात पडली. चिझुरुनं हसू दाबत फोनला उत्तर दिलं, पण बेटावरच्या बोलीत दिलं, आणि फोननं त्याचं काय केलं देव जाणे, रॉस घाबरून दोन पावलं मागे सरकला. तेव्हा मात्र तिनं हार मानली आणि सेन्सेईंना फोन लावला.

सेन्सेई दहा मिनिटांत सायकलवरून आले. टोपी, टाय, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं. खऱ्या इंग्रजी-भाषकाशी बोलायची संधी त्यांना आयुष्यात किती वेळा आली असेल? ते एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा बोलत होते आणि चिझुरु अभिमानानं ऐकत होती. रॉस बोलला, सेन्सेई बोलले. रॉसनं पाटीकडे हात केला. सेन्सेई थांबले. त्यांनी पाटीकडे पाहिलं, आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले.

"काय म्हणतात?" चिझुरुनं विचारलं.

"ते म्हणतात," सेन्सेई खालच्या आवाजात म्हणाले, "की 'फ्युएल बोट' म्हणजे त्यांनी तेलाची होडी असं वाचलं. इथे तेलाची होडी असते. ती आपल्यापाशी येईल, म्हणून ते दोन तास थांबले."

"पण ते तर क्रियापद आहे ना?"

"मी क्रियापद लिहिलं," सेन्सेई म्हणाले. "त्यांनी नाम वाचलं."

रॉस पोट धरून हसत होता. त्याच्या लेखी एवढी मजेची गोष्ट दुसरी नव्हती. सेन्सेईही हसले, पण नुसत्या ओठांनी.

तोवर व्हायचं ते झालं होतं. पाणी उतरलं होतं, आणि नौकेच्या पोटाखालचा लांब कणा बघता तिला आता संध्याकाळपर्यंत धक्क्याला येता येणार नव्हतं. त्यांना तर दुपारच्या प्रवाहाबरोबर निघायचं होतं. चिझुरुनं जरा विचार केला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "यासोसान, तुमची होडी द्या."

"माझी? तिला माशांचा वास येतो."

"डिझेलला काय त्याचं?"

वीस लिटरचे सहा लोखंडी डबे तिनं भरले, यासोकिचीच्या सपाट होडीत लावले, आणि दोघं नौकेकडे निघाली. म्हातारी, तिचं नाव ग्लेनिस, कठड्यापाशी उभी होती. तिनं होडी पाहिली, डबे पाहिले, आणि टाळ्या वाजवत ओरडली, "फ्युएल बोट!" चिझुरुलाही एवढं कळलं. ती इतकी हसली की नरसाळं धरणं कठीण झालं. निघताना ग्लेनिसनं तिच्या हातात घरी केलेला अर्धा केक कागदात गुंडाळून ठेवला आणि तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी चिझुरु कामावर आली तेव्हा खांबावर पाटी नव्हती. नुसते दोन खिळे होते, आणि खाली सायकलच्या चाकाचा ओला माग.

गोष्ट अर्थातच बेटभर झाली. प्रत्येक होडी धक्क्याला लागताना वरून आवाज यायचा, "काय चिझुरुसान, तेलाची होडी बाळंत झाली का?" पहिले दोन दिवस ती खदखदून हसली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की वळणावरून सेन्सेईंची सायकल येत होती, हा आवाज आला आणि सायकल तिथूनच माघारी वळली. तेव्हापासून तिला हसू येईना.

"पुरे आता," तिनं यासोकिचीला दम दिला.

"अगं, थट्टा ती. म्हातारा एवढा मनाला लावून घेईल असं वाटलं नाही."

"तुम्ही चुकीच्या ठिकाणी जाळं टाकलंत आणि गाव महिनाभर हसलं, तर तुम्ही लावून घेणार नाही?"

यासोकिचीनं मान खाली घालून हातातलं जाळं पुढे ओढलं. अशा एका जाळ्याची आठवण त्यालाही होती.

समाजमंदिरात दर गुरुवारी सेन्सेई हौशी लोकांना इंग्रजी लिहायला शिकवायचे. त्या दारावर चिठ्ठी लागली: प्रकृती ठीक नसल्यामुळे वर्ग बंद. तीन गुरुवार गेले. इकडे कुमेदांनी पंपाचं चित्र असलेली तयार पाटी मागवायचं ठरवलं. "शब्दच नकोत," ते म्हणाले. "शब्दांनीच घोटाळा होतो."

जून उजाडला आणि पोस्टमननं धक्क्यावर येऊन चिझुरुच्या हातात एक पोस्टकार्ड दिलं. नागासाकीचं चित्र, मागे ठसठशीत मोठ्या अक्षरांत इंग्रजी. पत्ता असा: फ्युएल लेडी, धक्का, कामेजिमा. "दुसरं कोण असणार, म्हणून इथे आणलं," पोस्टमन म्हणाला.

चिझुरुनं हात पुसून कार्ड धरलं. ओळींमधून तिचे डोळे घसरत गेले आणि एका ठिकाणी अडकले. एफ, यू, ई, एल! ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसं झालं. पण त्याला चिकटून पुढे आणखी तीन अक्षरं होती. एल, ई, डी.

"एलईडी?" ती पुटपुटली. एलईडी तिला माहीत होतं. न्हाणीघरातला दिवा तोच होता. फ्युएल आणि एलईडी? डिझेल भरताना त्यांचा दिवा बिघडला की काय? तक्रार आहे का ही? दुपारभर तिला चैन पडेना. पाच वाजता पंपाला कुलूप लावून, सुकवलेल्या माशांची एक पिशवी घेऊन, ती थेट सेन्सेईंच्या दारात उभी राहिली.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. "प्रकृती कशी आहे?" चिझुरुनं विचारलं.

"प्रकृतीला काय धाड भरलीय? सकाळी दोन वाट्या भात खातात. बसलेत आत वही घेऊन. जा, बघ तुझ्याच्यानं उठतात का."

आत सेन्सेई बुटक्या मेजापाशी बसले होते. समोर वही, पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे नाम, उजवीकडे क्रियापद. दोन्ही बाजूंना बारीक अक्षरात वाक्यंच वाक्यं, आणि प्रत्येकात कुठेतरी फ्युएल.

"एकशे बारा झाली," ते वर न बघता म्हणाले. "इसोबे, मी चौतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल फुल्या मारल्या. आणि स्वतः तीन शब्द लिहिले, ते धड लिहिले नाहीत."

"चुकीचं नव्हतं ना पण ते?"

"चुकीचं नव्हतं म्हणूनच वाईट वाटतं. चुकीचं असतं तर खोडलं असतं. बोलताना आवाजावरून कळतं, नाम की क्रियापद. लिहिताना आवाज नसतो. तिथे आजूबाजूच्या शब्दांनी सांभाळायचं असतं. मी त्याच्या आजूबाजूला शब्दच ठेवले नाहीत."

चिझुरुनं माशांची पिशवी मेजाशेजारी ठेवली. तिनं पोस्टकार्ड पुढे केलं. "सेन्सेई, हे जरा बघता? त्यांचा दिवा बिघडलाय बहुतेक. एलईडीचा."

सेन्सेईंनी चष्मा चढवला. वाचलं. परत वाचलं. "कुठला एलईडी?"

तिनं बोट ठेवलं. सेन्सेईंनी तिच्या बोटाकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या छातीतून कसलासा आवाज आला. चिझुरुला वाटलं, ठसका लागला. पण ते हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत हसत होते. स्वयंपाकघरातून बायको धावत आली.

"तो दिवा नाही गं! तो भूतकाळ आहे! फ्युएल्ड. एल दोनदा, कारण त्या न्यूझीलंडच्या. अमेरिकेतली बाई असती तर एकदाच लिहिला असता." त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "नीट बस. ऐक. त्या लिहितात, 'युअर काइंडनेस फ्युएल्ड अस ऑल द वे टू नागासाकी.' तुमच्या मायेनं आम्हाला थेट नागासाकीपर्यंत बळ पुरवलं."

"माया कुठली? एकशे वीस लिटर डिझेल होतं. मी पावती दिलीय."

"तेच तर! डिझेल यात नाहीच. क्रियापद झालं की ते नुसत्या टाकीत राहत नाही. राग फ्युएल करता येतो, अफवा फ्युएल करता येते, आशासुद्धा."

"अफवा? म्हणजे आपण आगीत तेल ओतलं म्हणतो तसं?"

"तसंच! आणि चांगल्या गोष्टीतही ओतता येतं." त्यांनी घाईघाईनं वही ओढली आणि उजव्या रकान्यात एकशे तेरावं वाक्य लिहिलं. ग्लेनिसचं.

मग म्हणाले, "उत्तर लिहायला हवं."

"लिहा ना तुम्ही."

"कार्ड कुणाला आलंय? फ्युएल लेडीला." त्यांनी कोरा कागद आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

त्या खोलीत चिझुरुला पुन्हा ती वेणी हवीशी झाली, आड लपायला. पण समोर कुणी नव्हतं. डिझेल हा मात्र तिचा प्रांत होता. टाकी रिकामी, टाकी भरली, हे शब्द इंग्रजीतही धक्क्यावर कानावरून गेलेले होते. उरलेले तिनं वहीतल्या वाक्यांमधून उचलले, कुठे शब्दकोश चाळला. अर्धा तास खपून तिनं दोन ओळी लिहिल्या आणि कागद उलटा करून पुढे ढकलला, जसा लहानपणी ढकलायची.

सेन्सेईंनी कागद सुलट केला. तिनं लिहिलं होतं: 'माय टीचर वॉज एम्टी. यू फ्युएल माय टीचर.' माझे गुरुजी रिकामे झाले होते. तुम्ही माझ्या गुरुजींमध्ये इंधन भरता.

त्यांनी एकेका शब्दाखालून बोट फिरवलं. मग खिशातलं लाल पेन काढलं. "काळ चुकलाय," ते म्हणाले. "भरता नव्हे. भरलंत. होऊन गेलेली गोष्ट आहे." आणि तिच्या फ्युएलला त्यांनी एल, ई, डी ही अक्षरं जोडली. त्यानंतर कागदाच्या कोपऱ्यात एक मोठं वर्तुळ काढून त्याच्याभोवती पाकळ्या काढल्या, पहिल्या इयत्तेतल्या पोरांना मिळतं तसं फूल. चिझुरुला शाळेत ते एकदाही मिळालं नव्हतं. तिनं तो कागद जपून ठेवला आणि ग्लेनिसला दुसऱ्या कागदावर उतरवून पाठवलं.

पुढच्या सोमवारी सोसायटीची सभा होती. कुमेदांनी चित्राच्या पाटीचा विषय काढला, आणि चिझुरु उभी राहिली. बावीस वर्षांत सभेत ती कधी बोलली नव्हती.

"पाटी सेन्सेईंनीच लिहायची," ती म्हणाली. "मजकूर तयार आहे. वर लिहायचं, इथे डिझेल फ्युएल मिळेल. खाली लिहायचं, धक्क्याला या, आम्ही तुमची बोट फ्युएल करू."

"एकच शब्द दोनदा कशाला?" कुमेदा म्हणाले.

"एक नाही तो. वरचा नाम आहे, खालचा क्रियापद. आपल्याकडे तेल ते तेल आणि भरणं ते भरणं. त्यांच्याकडे एकच गडी दोन्ही कामं करतो. कुठे उभा आहे त्यावरून ओळखायचा."

"म्हणजे मी कसा," कुमेदा खुशीत येऊन म्हणाले, "इथे चेअरमन, घरी नवरा."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "घरी नुसतं नाम आहेत. जागचे हलत नाहीत."

सगळी सभा हशात बुडाली. हसण्याच्या त्या गदारोळात ठराव मंजूर झाला की नाही हे कुणी नीट पाहिलं नाही, पण सचिवानं मंजूर असं लिहिलं. कोपऱ्यात बसलेले सेन्सेई टोपी तोंडावर धरून हसत होते, आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले होते.

नवी पाटी लागली, आणि जुलैमध्ये आलेल्या पहिल्याच नौकेनं सरळ धक्क्याला येऊन दोर फेकला. चिझुरुनं नळी उचलली आणि म्हणाली, "वी फ्युएल." समोरची तरुण मुलगी "प्लीज!" म्हणाली. संपलं संभाषण. पण चिझुरु दिवसभर गुणगुणत होती.

गुरुवारचा वर्गही सुरू झाला. आधी चार जण यायचे, आता अकरा. चिझुरु कामावरून थेट यायची, त्यामुळे खोलीत डिझेलचा वास दरवळायचा आणि सेन्सेई म्हणायचे, "आपला विषय आला." यासोकिचीही यायला लागला. चेष्टेची भरपाई म्हणून येतो, असं त्याची बायको सांगायची. तो म्हणायचा, घरापेक्षा तिथे पंखा चांगला आहे.

पहिल्याच गुरुवारी सेन्सेईंनी गृहपाठ दिला होता, फ्युएल क्रियापद म्हणून वापरून एक वाक्य. यासोकिचीनं आठवडाभर कुणाला पत्ता लागू दिला नाही. वर्गात उभा राहिला, घसा साफ केला आणि वहीतून वाचलं, "साके फ्युएल्स मी एव्हरी इव्हनिंग." रोज संध्याकाळी साके, म्हणजे तांदळाची दारू, मला बळ पुरवते.

सेन्सेईंनी वही घेतली, वाक्य तपासलं, फ्युएलच्या शेवटचा एस जागेवर आहे ना ते चष्मा सरकवून दोनदा बघितलं.

"पूर्ण शुद्ध आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांना मात्र दाखवू नका."